रूळ मोकळे झाले, तेलाचं काय?

मालगाडी घसरली की बातम्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी आडव्या पडलेल्या वाघिणींचे फोटो, दुसऱ्या दिवशी 'युद्धपातळीवर काम सुरू', तिसऱ्या दिवशी 'वाहतूक पूर्ववत'. तिथे विषय संपतो. १३ जुलै २०२५ च्या पहाटे तमिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेल नेणारी मालगाडी घसरून पेटली आणि १८ टँकर वाघिणी जळाल्या. आपण वाचलं ते बहुतेक कुठली एक्स्प्रेस रद्द झाली आणि कुठली वळवली एवढंच. जे डिझेल जळलं नाही ते गेलं कुठे, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

खरं तर अपघातानंतर दोन वेगवेगळी कामं सुरू होतात. एक म्हणजे रूळ मोकळे करणं आणि दुसरं म्हणजे जागा साफ करणं. दोन्हींची माणसं वेगळी, यंत्रं वेगळी, घाई वेगळी. पहिलं काम दिवसांत मोजतात, दुसरं वर्षांत. आणि पहिलं काम उरकण्याच्या नादात दुसरं अवघड होऊन बसतं, हे या विषयातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं सत्य आहे. ते नीट दिसतं अशी एक घटना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात घडली.

काय झालं होतं?

८ नोव्हेंबर २०१३. अलाबामाच्या पश्चिम टोकाला, मिसिसिपी राज्याच्या हद्दीला लागून पिकन्स काउंटी आहे. तिथल्या ॲलिसव्हिल या छोट्या गावाच्या दक्षिणेला पाणथळ जंगल आहे. त्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सुमारे ९० टँकर वाघिणींची एक मालगाडी फ्लोरिडाकडे निघाली होती. वाघिणींत नॉर्थ डकोटाच्या बाकेन भागातलं कच्चं तेल होतं. लाकडी पुलाजवळ २६ वाघिणी घसरल्या, बऱ्याच फुटल्या आणि पेटल्या. पूलही जळाला. जीवितहानी झाली नाही. जवळपास वस्ती नव्हती, हे नशीब.

त्याच वर्षी जुलैत कॅनडातल्या लॅक-मेगांटिक गावात अशाच तेलाची गाडी भर वस्तीत घसरून ४७ माणसं गेली होती. त्यामुळे ॲलिसव्हिलला 'थोडक्यात निभावलं' असं सगळ्यांनी म्हटलं, आणि माणसांपुरतं ते खरंही होतं.

लाकडी पूल म्हणजे कसला?

इंग्रजीत त्याला ट्रेसल म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेपूल म्हटलं की दगडी कमानी किंवा लोखंडी गर्डर येतात. ट्रेसल त्याहून साधा असतो. चिखलात लाकडी खांब ठोकायचे, चार-सहा खांबांवर आडवी तुळई टाकून चौकट करायची, अशा चौकटी साधारण चार-चार मीटरवर ओळीने उभ्या करायच्या, त्यांवर लांब तुळया आणि वर स्लीपर आणि रूळ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेला पैसा कमी, जंगल अमाप आणि घाई फार. त्यामुळे असे पूल धडाधड उभे राहिले. खांब कुजला की तेवढाच बदलायचा, अशा डागडुजीवर त्यातले काही आजही मालगाड्या झेलतात.

लाकूड कुजू नये म्हणून त्यात क्रिओसोट मुरवलेलं असतं. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे काळपट, उग्र वासाचं तेल किडीला आणि बुरशीला मारतं, आणि पेटलं की झकास जळतं. म्हणजे तेलगाडी अशा पुलावर पेटली तर खालून पूलसुद्धा इंधनच पुरवतो. विझल्यावर उरलेले अर्धवट जळके खांब हाही साधा कचरा नसतो. क्रिओसोटमधली काही रसायनं कर्करोगाशी जोडलेली आहेत. ते ओंडके शेकोटीला न्यायचे नसतात.

पुलावर घसरण्यात आणखी एक गोम आहे. सपाट जमिनीवर घसरलेलं चाक खडीत रुतून बसतं. बहुतेक जुन्या ट्रेसलवर खडीच नसते, उघडे स्लीपर असतात. चाक त्यांच्यावर आपटत, त्यांचे तुकडे पाडत पुढे जातं, आणि वाघीण थेट खाली पाण्यात. साफसफाई करणाऱ्यांना मग ना धड जमिनीवर काम करता येतं, ना धड पाण्यात.

आग लागलीच आहे तर पाणी का नाही मारत?

कारण तेल पाण्यावर तरंगतं. बंबाने पाण्याचा मारा केला तर पेटतं तेल पाण्याबरोबर पसरतं, आणि न जळलेलं तेल आणखी दूर वाहून जातं. तेलाच्या आगीला फेस लागतो. फेसाचा थर हवा तोडतो आणि वाफ दाबून धरतो. पण दलदलीतल्या जागेवर पुरेसा फेस नेणार कसा? ॲलिसव्हिलला म्हणूनच आग आपोआप विझू दिली. टीव्हीवर हे हात झटकल्यासारखं दिसतं, पण वस्ती नसेल तिथे ते बऱ्याचदा शहाणपणाचं असतं. जे तेल जळालं, ते चिखलात मुरलं नाही.

'मग मुद्दामच सगळं जाळून टाका की!' हा पुढचा प्रश्न, आणि तो अजिबात खुळा नाही. पाणथळ जागी सांडलेलं तेल ठरवून जाळण्याची पद्धत खरोखरच आहे. पण तेलातला हलका भाग जळतो, जड भाग डांबरासारखा उरतो आणि त्यातला काही बुडतो. तरंगणारं तेल निदान दिसतं. बुडालेलं शोधावं लागतं.

वाघिणी उचलायच्या आधी रिकाम्या का करतात?

भरलेली अमेरिकी टँकर वाघीण सव्वाशे टनांच्या आसपास भरते. आपटून तिचं पत्र्याचं अंग कुठे चेपलंय, कुठे बारीक तडा गेलाय, हे बाहेरून कळत नाही. तशीच उचलली तर हवेत असताना फाटायची. म्हणून आधी पंप लावून आतलं तेल दुसऱ्या टँकरमध्ये काढतात. त्या वेळी दोन्ही टाक्या तांब्याच्या तारेने एकमेकींना आणि जमिनीला जोडलेल्या असतात, कारण वाहत्या तेलातून स्थितिक वीज साठते आणि एका ठिणगीत सगळा खेळ आटोपतो. हवेतल्या वाफा मोजणारा माणूस सतत फिरत असतो. वाघिणीची झडप चिखलात गाडली गेली असेल तर टाकीला नवं तोंड पाडतात, तेही ठिणगी न उडवता. रिकामी झालेली वाघीण बाजूला ओढून, आतल्या वाफा घालवून, मग गॅस कटरने कापतात आणि भंगारात काढतात.

आपल्याकडे असं काही झालं की रुळावरून मोठी क्रेन येते. जळालेल्या ट्रेसलवर क्रेन येणार कशी? मग दलदलीत रस्ता करावा लागतो. लाकडी फळ्यांचे जाड गालिचे अंथरा, नाहीतर दगड टाका. त्यावरून साखळीच्या पट्ट्यांची जड यंत्रं आत जातात. तेल गोळा करायला म्हणून केलेला हा रस्ता तेलाला आणखी खोल दाबतो. हा पेच पुढे पुन्हा येणार आहे.

पाण्यावरचं तेल उचलतात कसं?

मिसळीची वाटी समोर आहे असं समजा. वर तर्री, खाली रस्सा. तर्री नको असेल तर तुम्ही वाटी सरळ ओतणार नाही, कारण आधी तर्रीच पडेल. चमच्याने वरवर काढाल, किंवा पावाचा तुकडा नुसता टेकवून ती शोषून घ्याल. किंवा, थोडं डोकं लढवलं तर, वाटीच्या तळाशी भोक पाडून खालचा रस्सा तेवढा सोडून द्याल आणि तर्री वाटीतच अडकेल.

साफसफाईवाले या तिन्ही गोष्टी करतात. वरवर काढणारं यंत्र म्हणजे स्किमर. पावाचं काम करतात पॉलिप्रॉपिलिनच्या शोषक गाद्या आणि लांब वळकट्या, ज्या तेल पितात पण पाणी पीत नाहीत. ओढ्यावर तरंगती आडकाठी घालतात, तिला बूम म्हणतात. तळाच्या भोकाची युक्ती मात्र मला सगळ्यांत आवडते. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा आणि त्यात मोठे पाइप असे तिरके बसवायचे की त्यांचं आतलं तोंड पाण्याच्या तळाशी बुडालेलं राहील. खालचं स्वच्छ पाणी पाइपातून पुढे जातं, ओढा वाहता राहतो, आणि तेल बांधामागे साचतं. ना मोटर, ना वीज. जेसीबी, पाइप आणि उतार कळणारा मिस्त्री असला की काही तासांत उभा राहतो. पावसाने पाण्याची पातळी हलली की मात्र फसतो, म्हणून तिथे दिवसरात्र माणूस ठेवावा लागतो.

ॲलिसव्हिलला हे पाणी पुढे एका ओढ्यातून टॉमबिग्बी नदीला जाऊन मिळतं. त्यामुळे तेल नदीपर्यंत पोचू न देणं हेच पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट होतं. पाणी वाहतं राहू द्यायचं आणि तेल अडवायचं, ही कसरत नदीत साधणं कठीण, दलदलीत त्यामानाने सोपं. दलदल स्वतःच तेल धरून ठेवते. पण याच गुणाची किंमत पुढे मोजावी लागते.

किती सांडलं, किती उचललं: हिशेब का जुळत नाही?

या प्रकरणात किती तेल सांडलं? सरकारी कागदपत्रांत कुठे सुमारे साडेचार लाख गॅलन आहे, कुठे सव्वासहा लाखांच्या वर. लिटरमध्ये म्हणाल तर सतरा लाख ते चोवीस लाख. कुणीतरी लपवाछपवी करतंय असं लगेच वाटतं. तसं असेलही कधी कधी, पण आकडा हलण्याचं मूळ कारण वेगळं आहे.

वाघिणींत किती तेल भरलं होतं ते पावतीवर असतं. पडलेल्या वाघिणींतून पंपाने किती काढलं तेही मोजता येतं. ॲलिसव्हिलला ते दोन लाख गॅलनांच्या आसपास होतं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे 'गेलेलं' तेल. त्यातलं किती जळालं, किती वाफ होऊन उडालं, किती पाण्यावर पसरलं आणि किती चिखलात मुरलं, हे कुणी मोजलेलं नसतं. ते अंदाजच. बाकेनचं तेल पातळ आणि उडणारं, त्यामुळे उडालेला हिस्सा मोठा असणार हे खरं. पण म्हणूनच 'बहुतेक जळून गेलं' हे वाक्य फार सोयीचं ठरतं. ते खोडून काढायचं तर चिखल उकरावा लागतो.

आता मोजलेले आकडे पाहा. पाण्यावरून गोळा केलेलं तेल होतं दहा हजार गॅलनांच्या थोडं वर. सांडलेल्या तेलाचा कमीतला कमी अंदाज धरला तरी शंभर लिटरांमागे दोन-सव्वादोन लिटर. तेलाने माखलेली माती खणून काढली ती सुमारे २२० घनमीटर, म्हणजे वीसेक हायवा डंपर. टीव्हीवर दिसणारे पांढरे कपडे, बूम, गाद्या, बोटी या सगळ्या धावपळीतून पाण्यावरून हाती लागलं ते एवढंच. यात कामगारांचा आळस नाही. पाण्यावर सांडलेलं तेल गोळा होण्याचं प्रमाण एकूणच कमी असतं. म्हणून साफसफाईपेक्षा वाघीण फुटू न देणं कितीतरी स्वस्त. अमेरिकेने २०१५ मध्ये तेलासाठी जाड पत्र्याच्या, पुढेमागे संरक्षक ढाल असलेल्या नव्या वाघिणींचा नियम केला तो याच हिशेबाने.

सगळी माती उचलून का नेत नाहीत?

शेतात किंवा डेपोत तेल सांडलं तर तेच करतात. पाणथळ जंगलात तसं करणं म्हणजे जंगलच उचलून नेणं. तिथला वरचा दोन-तीन फुटांचा थर म्हणजे वर्षानुवर्षं कुजत आलेला पाचोळा, मुळं आणि त्यात राहणारे जीव. तो काढला की खड्ड्यात पाणी भरतं, झाडं परत येत नाहीत आणि दलदलीचं तळं होतं. म्हणून तज्ज्ञ मंडळी ठरवतात की जाड थर साचलाय तो काढायचा आणि पातळ थर राहू द्यायचा. कमी दाबाच्या पाण्याने मुळं धुवायची, सुटलेलं तेल अडवायचं, बाकीचं निसर्गावर सोपवायचं.

'निसर्गावर सोपवायचं' हे ऐकून कुणाच्याही कपाळावर आठी पडेल, आणि पडायलाच हवी. तेल खाणारे जंतू खरोखर असतात, जवळजवळ सगळीकडच्या मातीत असतात. बाहेरून पोतं भरून आणायची गरज नसते. त्यांना जोमाने काम करायला प्राणवायू मात्र लागतो. पाण्यावरच्या पातळ थराला तो मिळतो, म्हणून तिथे ते भराभर काम करतात. दलदलीच्या चिखलात काही सेंटिमीटर खालीच प्राणवायू संपतो. तिथे दुसऱ्या प्रकारचे जंतू लोह वगैरे वापरून तेल पचवतात, पण अगदी सावकाश.

किती सावकाश? मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. ॲलिसव्हिलच्या खालच्या अंदाजाइतकंच. बरंचसं उपसलं, जाळलं, उचललं. तरी चारेक लाख लिटर जमिनीत राहिलं. अमेरिकेच्या भूविज्ञान खात्याने १९८३ पासून ती जागा प्रयोगशाळेसारखी वापरायला घेतली. चाळीस वर्षांनंतरही तेल भूजलाच्या पातळीवर होतं. दुसरीकडे, पाण्यात विरघळलेली विषारी द्रव्यं भीती होती तेवढी दूर पसरली नाहीत, कारण वाटेत जंतूंनी ती खाल्ली. 'जंतू खातात, काळजी नको' म्हणणारे आणि 'जमीन कायमची गेली' म्हणणारे, दोघेही या एका जागेचा दाखला देऊ शकतात. मला विचाराल तर त्यातून एवढंच निघतं की निसर्गावर सोपवायचं तर निदान तीस-चाळीस वर्षं पाणी तपासत राहण्याचा खर्च आधी बाजूला काढा.

मग रूळ इतक्या लवकर कसे सुरू होतात?

बंद मार्गाचा प्रत्येक दिवस रेल्वे कंपनीला महाग पडतो. त्या मार्गावर अवलंबून असलेले कागदाचे, लाकडाचे, रसायनांचे कारखानेही फोन करून भंडावत असतात. ही गरज खोटी नाही. जळालेला ट्रेसल पुन्हा लाकडात बांधणं वेळखाऊ, त्यामुळे अशा वेळी सोपा उपाय म्हणजे दगड-मातीचा भराव. पाण्याला वाट म्हणून खाली पाइप घालायचे, वर खडी, स्लीपर, रूळ, आणि शिट्टी!

पण भरावाखाली जे दबलं ते दबलं. ॲलिसव्हिलमध्ये पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप नेमका हाच होता की मार्ग चालू करण्याच्या घाईत तेलाने भिजलेली जमीन साफ न करता झाकली गेली. अपघाताला चार महिने उलटून गेल्यावरही पत्रकार तिथे गेले तेव्हा रुळाशेजारच्या पाण्यात काळं, वासाचं तेल दिसत होतं. वरून गाड्या धावत होत्या. अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की तेल त्या जागेबाहेर पसरलेलं नाही, देखरेख चालू आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि इथेच 'साफ झालं' या शब्दांचा अर्थ ठरवायची वेळ येते. तेल पुढे गेलं नाही, हा एक अर्थ. तेल उरलं नाही, हा दुसरा. अहवालात पहिला असतो, वाचणारा दुसरा समजतो.

अमेरिकेत १९९० च्या तेल प्रदूषण कायद्यानुसार ज्याच्या ताब्यातल्या जहाजातून, गाडीतून किंवा साठ्यातून तेल सांडलं त्याने साफसफाईचा खर्च द्यायचा असतो, सरकारी यंत्रणा देखरेख करतात. तत्त्व चोख आहे. मात्र अडचण अशी की खर्च करणाराच ठेकेदार नेमतो, आणि काम कधी 'पुरे' म्हणायचं यात त्याला रस असतो.

प्रत्येक गाडीचं असंच होतं का?

नाही. काय सांडलं यावर सगळं बदलतं.

२४ जून २०२३ रोजी मॉन्टाना राज्यात यलोस्टोन नदीवरचा लोखंडी रेल्वेपूल कोसळला आणि मालगाडीच्या दहा वाघिणी पाण्यात गेल्या. त्यांत गरम पातळ डांबर आणि वितळलेलं गंधक होतं. थंड पाण्यात पडताच डांबर घट्ट झालं. वाटलं, बरं झालं, आता गोळे वेचायचे. पण उन्हाळा होता. काठावरच्या खडकांना चिकटलेलं डांबर दुपारच्या उन्हात पुन्हा मऊ व्हायचं, पसरायचं, त्यात पक्षी आणि साप अडकायचे. कामगार सकाळच्या थंडाव्यात ते हाताने खरवडायचे. सुमारे १९० टन डांबर नदीत गेलं आणि निम्म्याहून थोडं अधिक परत मिळालं. कच्च्या तेलाच्या मानाने हा आकडा भलताच चांगला आहे. उरलेलं काढायला यंत्रं घातली तर काठाची अधिक नासाडी होईल, म्हणून पुढे ते काम थांबवलं.

उलट टोकाचं उदाहरण कॅनडातलं. ५ ऑगस्ट २००५ रोजी ब्रिटिश कोलंबियात चीकॅमस नदीच्या घळीत पुलावरून वाघिणी कोसळल्या आणि सुमारे ४० हजार लिटर कॉस्टिक सोडा पाण्यात गेला. तो पाण्यात मिसळतो, तरंगत नाही. स्किमर, बूम, गाद्या, कशाचाच उपयोग नाही. काही तासांत तो वाहून, विरळ होऊन गेला आणि मागे पाच लाखांहून अधिक मेलेले मासे ठेवून गेला. साफ करायला काहीच उरलं नव्हतं. काम उरलं ते मासे पुन्हा वाढवण्याचं.

आणि काही वेळा सांडतच नाही. जून २०१३ मध्ये कॅलगरी शहरात बो नदीच्या पुरानंतर रेल्वेपुलाचा खांब खचला, वाघिणी वाकलेल्या पुलावर लटकल्या. त्या तारांनी एकमेकींना बांधून ठेवल्या, आतलं द्रव्य काढून घेतलं, आणि नदीत काही गेलं नाही. १९१२ च्या त्या पुलाची वरून तपासणी झाली होती. खांबाखालची माती पुराने कोरून नेली होती, ती पाण्याखाली. जुना पूल म्हणजे कुजलेला पूल असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. बऱ्याचदा पूल धड असतो, त्याचा पाया किंवा त्यावरचा रूळ दगा देतो.

आपल्याकडे लाकडी ट्रेसल नाहीत, मग आपल्याला काय?

मालगाड्या मात्र भरपूर आहेत, नद्याही, घाटही. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्याच्या हद्दीत दूधसागरजवळ कोळशाची मालगाडी घसरली. घाटातला मार्ग अडकला, प्रवासी गाड्या वळवल्या, अपघात मदत गाडी आणि क्रेन लावून रूळ मोकळे केले. कोळसा घन, पडला तिथे राहतो, फावड्याने उचलता येतो. त्याच वळणावर डिझेल किंवा ॲसिड असतं तर पावसाळ्यातल्या घाटात ते किती वेळात खालच्या ओढ्याला लागलं असतं? भर पावसात अभयारण्याच्या उतारावर पाइपचा बांध कोण आणि कुठे घालणार?

समुद्रात तेल सांडलं तर आपल्याकडे तटरक्षक दलाच्या पुढाकाराने चालणारी राष्ट्रीय आपत्ती योजना आहे. कोण काय करणार हे तिथे ठरलेलं आहे. जमिनीवर, रुळांशेजारी, एखाद्या ओढ्याकाठी सांडलं तर रेल्वे, तेल कंपनी, जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ असे चार दरवाजे. 'प्रदूषण करणाऱ्याने भरायचं' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये उचलून धरलं आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्यात ते आलं. म्हणजे दाद मागायला जागा आहे. पण दाद मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा पहिल्या आठवड्यातच घ्यावा लागतो.

आमच्या ओढ्यात तवंग दिसतो. तो तेलाचाच कशावरून?

चांगला प्रश्न, कारण तवंग फसवतो. एक लिटर तेल हजारांश मिलिमीटर जाडीने पसरलं तर ते दहा गुंठे पाणी झाकतं. म्हणजे भलामोठा इंद्रधनुषी तवंग थोड्याशा तेलाचाही असू शकतो, आणि तो दिसला म्हणून फार मोठी गळती झाली असं नाही. दुसरं म्हणजे साचलेल्या पाण्यात, भातखाचरात, झऱ्याच्या तोंडाशी लोह वापरणारे जंतूही तसाच रंगीत पापुद्रा तयार करतात. तो निरुपद्रवी असतो.

ओळखायला काडी पुरते. तवंगात काडी फिरवा. जंतूंचा पापुद्रा काचेसारखा तडकतो, त्याचे कोनदार तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडीभोवती वळतो आणि काडी काढली की पुन्हा जुळून येतो. वासही सांगतो, पण वाकून हुंगत बसू नका. ताज्या तेलाच्या वाफेत बेंझिन हे विषारी रसायन असतं.

तेलच निघालं तर नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नाही, कारण तेल प्लास्टिकला चिकटतं आणि आकडा कमी येतो. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहा. अपघाताच्या वरच्या अंगाला, जिथे तेल पोचू शकत नाही तिथलाही एक नमुना घ्या, म्हणजे 'इथलं पाणी आधीपासूनच तसं होतं' या उत्तराला उत्तर तयार राहतं. बाटल्या थंड जागी ठेवा आणि तक्रारीबरोबर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.